बी-ए-आय

ताई,

तू आंघोळीला गेलीयस आणि खाली व्हॅनवाले काका हॉर्नवर हॉर्न देतायत, म्हणून लिहून ठेवते. कॉलेजचा फॉर्म आत्ताच्या आत्ता भर, आज शेवटची तारीख आहे! त्यांची साइट डाऊन नव्हतीच. ती मी बंद केली होती. म्हणजे मुद्दाम नाही गं.

बाबांनी वायफायची ब्लॉकलिस्ट माझ्याकडे दिलीय ना, तर रविवारी मी तुझा आणि ईश्वरीचा चित्रांचा ‘बाईसाहेब’ ब्लॉग त्यात टाकला. पूर्ण नाव टाकलं असतं तर तू लगेच पकडलं असतंस, म्हणून इंग्रजीत नुसतं बी-ए-आय टाकलं. मुंबईच्या शेवटी पण बी-ए-आय येतं हे डोक्यातच आलं नाही! ज्या साइटच्या पत्त्यात मुंबई, ते सगळं बंद. बाबांच्या ऑफिसचं पोर्टलसुद्धा. त्यांना सांगू नकोस, प्लीज.

तुम्ही दोघी दार लावून खिदळता आणि मी आले की ‘थांब गं क्रांती, काम चाललंय.’ पूर्वी तुझ्या चित्रांत रंग मी भरायचे. आता ईश्वरी भरते, आणि ती तर आकाशसुद्धा रेषेबाहेर रंगवते!

सॉरी. पण फक्त फॉर्मपुरतं.

बी-ए-आय काढलंय आणि आता सरळ ‘बाईसाहेब’ असं पूर्ण नाव टाकलंय. काढायला हवं असेल तर चारला वाशीला माझी वादविवादाची फायनल आहे, तिथे येऊन सांग. मी पहिली बोलणार आहे.

ईश्वरीला आणू नकोस.

क्रांती