कोलंबोत घेतलेलं नाव

३ नोव्हें., सोम.
व्हिसा आला. कोलंबोला जायचं नक्की. प्रौढ साक्षरतेचं प्रशिक्षण, आठवडाभर, बऱ्याच देशांची माणसं, आणि आपल्या संस्थेतून मी एकटी. सर म्हणाले, मॅडम, सोलापूरचं नाव काढा. हो म्हणाले खरं, पण अडचण भाषेची. इंग्रजी वाचता येतं, कानाला कळतं, बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप.

वर्गात सांगितलं तर बायकांची दिवाळीच. कुणी शेंगाचटणी देणार, कुणी म्हणे विमानात खिडकीशी बसू नका, गार वारं लागतं. नरसव्वा तेवढी गप्प. तिचं नेहमीचंच. कारखान्यात विड्या देऊन सगळ्यांच्या आधी समाजमंदिरात येते आणि दाराजवळची जागा धरते, आमच्याकडे पाठ करून.

५ नोव्हें., बुध.
आज नरसव्वाकडे बराच वेळ बघत बसले. बाकीच्या बायका पहिल्यांदा स्वतःचं नाव शिकल्या. हिनं मागितलं नवऱ्याचं. अंबादास. यंत्रमागावर होता, जाऊन बरीच वर्षं झाली. लग्न झाल्यापासून ते नाव हिच्या जिभेवर आलेलं नाही. रेशनच्या रांगेत विचारलं तरी दुसऱ्या कुणाला तरी सांगायला लावते. पहिल्या दिवशी मला म्हणाली होती, "तोंडानं घेत न्हाय मी. लिवलं तर चालतंय की?" चालतंय म्हटलं.

तेव्हापासून रोज तेच. पदराआड पाटी, एकदाच लिहिते, बघत बसते. पुसायची वेळ आली की घरून आणलेली पाण्याची छोटी बाटली काढते. इतर बायका थुंकी लावून पाटी पुसतात. त्या नावाला थुंकी नाही, पाण्यानं आणि पदराच्या शेवानं पुसायचं. लई आवडते मला ही बाई.

९ नोव्हें., रवि. कोलंबो
पोचले. इथल्या पाट्यांवरची अक्षरं सगळी गोल गोल. औषधाचं दुकान कुठलं आणि सलून कुठलं, काही कळेना. डोकं दुखत होतं, गोळी न घेताच परत आले.

संध्याकाळी ओळखी झाल्या. जो तो उभा राहून फाडफाड बोलला. मी नाव सांगितलं, सोलापूर म्हटलं आणि खाली बसले. शेजारी नेपाळची सरिता बसते, तिला हिंदी येतं, तेवढाच आधार. ह्यांना फोन केला. हे म्हणाले, हिंदीत बोल की मग, कोण खातंय तुला. ह्यांना काय जातंय सांगायला.

११ नोव्हें., मंगळ.
आजचा दिवस! आपल्या वर्गातलं एक माणूस सगळ्यांसमोर उभं करा, असं काम होतं. बोलायचं कमी, करून दाखवायचं जास्त. म्हटलं, हे आपल्याला जमतंय.

ओढणीचा पदर केला. नरसव्वा डावा पाय ओढत चालते तशी चालत आले. पाठ करून बसले, इकडे बघ तिकडे बघ, पाटी झाकली, जीभ दातात धरून एकेक अक्षर काढलं. बाटलीतून पाणी काढून पुसायला लागले तेव्हा हॉल हसला. मग टाळ्या. सरिता मागून इंग्रजीत सांगत होती, ही बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, फक्त लिहिते. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, नाव काय? मी मोठ्यांदा सांगितलं. त्यांनी ते इंग्रजीत फळ्यावर लिहून तोडलं आणि सगळ्यांकडून टाळीवर म्हणवून घेतलं. अं. बा. दास. अं. बा. दास. मी हातानं ताल दिला.

जेवताना माझ्याबरोबर फोटो काढायला माणसं आली. आल्यापासून आज पहिल्यांदा मी कुणाला दिसले. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. एकानं काढलेला व्हिडिओ मागून घेतला आणि स्टेटसला ठेवला.

१३ नोव्हें., गुरु.
चहाच्या वेळी सरितानं विचारलं, त्या बाईंना माहीत आहे का? मी म्हटलं, खूश होतील उलट. ती साखर घेऊन निघून गेली. मला रागच आला. जळते, दुसरं काय.

१७ नोव्हें., सोम. सोलापूर
हे स्टेशनवर आले होते. सर हार घेऊन.

दुपारी वर्ग. नरसव्वा नाही. तिकडचा चहा वाटला, बायकांनी पुड्या घेतल्या पण वर बघेनात. शेवटी बोलली ती वर्गातली रेणुका, जिच्या पोटात काही राहत नाही. नरसव्वाच्या सुनेच्या फोनवर स्टेटस दिसलं. तिनं घरात दाखवलं, घरातून गल्लीत गेलं. आता नरसव्वा नळावर निघाली की पोरं टाळ्या वाजवत मागं लागतात. रेणुका म्हणाली, "बाई, तुमी शिकवलंय तसंच म्हणतेत की. तोडून तोडून."

बायका पाट्या उचलून घरी गेल्या. मी स्टेटस काढायला फोन उघडला. ते केव्हाच आपोआप गेलं होतं.

१८ नोव्हें., मंगळ.
तिच्या घरी जायला निघाले. गल्लीच्या तोंडाशी पोरं खेळत होती, तिथूनच परत फिरले. लाज वाटते. दुसरा शब्द नाही त्याला.

१९ नोव्हें., बुध.
गेले. नरसव्वा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. सुनेनं चहा टाकला. वाटेत घोकून गेले होते, माफी मागायची, सरळ मागायची. आणि तोंडातून काय निघावं? म्हणाले, तिकडं सगळ्यांना तुम्ही फार आवडलात. जळलं मेलं माझं तोंड.

तिनं पान कातरलं, तंबाखू भरली, वळली, दोरा बांधला. मग विचारलं, "मी अशीच चालते व्हय, बाई?"

रागावली असती, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा प्यायले, कप विसळून ठेवला आणि आले. माफी राहिली ती राहिलीच.

२१ नोव्हें., शुक्र.
सरांचा फोन. जिल्ह्याच्या बैठकीत मोठे साहेब येणार आहेत, ते पाटी-बाटलीचं परत करून दाखवायचं. मी म्हटलं, बघते. 'नाही' ही दोनच अक्षरं. बायकांना पहिल्या महिन्यात शिकवते मी ती.

११ तारखेचं पान फाडायला ही वही काढली. फाडलं नाही, वाचत बसले. 'ह्यांना फोन केला', 'हे म्हणाले', 'हे स्टेशनवर आले'. संपूर्ण वहीत ह्यांचं नाव एकदाही नाही. वही माझी, कुणी बघत नाही, तरी नाही. आत्ता लिहून बघावं म्हणून पेन टेकवलं आणि

नाही लिहिलं. आणि नरसव्वाच्या नवऱ्याचं मात्र हॉलभर परक्या माणसांच्या तोंडी दिलं, वर ताल धरला. त्या दिवसापासून मीही ते नाव इथं लिहिलेलं नाही, आता लिहिणारही नाही.

२४ नोव्हें., सोम.
सकाळी सरांना नाही म्हणून सांगितलं. नाराज झाले. होऊ देत. त्यानं माझं काही धुऊन निघत नाही.

दुपारी वर्ग उघडला आणि नरसव्वा आली. सगळ्यांच्या आधी, दाराजवळ. पण आज तोंड माझ्याकडे करून बसली. पाटी काढली नाही, बाटली तेवढी शेजारी ठेवली. बाकीच्या येईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "करून दाखवा की, बाई. तितं परक्यांपुढं केलं. हितं माझ्यापुढं करा."

मला वाटलं टोमणा मारतेय. पण ती खरंच वाट बघत होती. मी उठले, ओढणी डोक्यावर घेतली. एक पाऊल टाकलं, आणि डावा पाय ओढता येईना. सगळ्या बघत होत्या, कुणी हसलं नाही. म्हटलं, नरसव्वा, चुकलं माझं. मला जमत नाही.

"तितं जमलं की," ती म्हणाली.

मग भिंतीला धरून उठली आणि निघाली. ती दारातून चालत जाताना मी मान खाली घातली. तिचं चालणं बघायचा हक्क मला राहिलेला नाही.

वर्ग सुटल्यावर झाडताना बाटली दिसली. दाराजवळच, काठोकाठ भरलेली. विसरून गेली की ठेवून गेली, कळेना. रेणुका म्हणाली, मी देते नेऊन. मी नको म्हटलं. बाटली तिच्या जागेवर तशीच ठेवून कुलूप लावलं. उद्या जरा लवकर उघडणार आहे.