लांबट गोळीचे पदवीधर

आदरणीय जाऊबाईंना,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर दुखते आहे म्हणून निम्माच वाकले, उरलेला डब्यात ठेवला आहे असं समजा). भावोजींचा गुडघा कसा आहे? आणि तुमची जळजळ? परवा फोनवर ‘काही नाही गं, थोडीशीच’ म्हणून तुम्ही लगेच माझ्या पडद्यांच्या रंगावर घसरलात, तेव्हाच मी ओळखलं की ती थोडीशी नाही.

इकडची हकिकत सविस्तर लिहिते, कारण तिच्यात सिंहाचा वाटा तुमचा आहे. गेल्या महिन्यात मलाही लघवीला जळजळ सुरू झाली. मी रीतीप्रमाणे आपला बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. वीस वर्षं हा डबा तुमच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून तुमच्याकडे फिरतो आहे. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या द्याव्यात, तिसऱ्या दिवशी बरं वाटावं आणि उरलेल्या डब्यात पडाव्यात, हा आपल्या घराचा शिरस्ता. वर तुमच्या टपोऱ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या: ‘पिवळी – घसा’, ‘गुलाबी – दाढ’ आणि ‘लांबट – काहीही झालं तर’. मला काहीही झालंच होतं, म्हणून मी लांबट घेतली. तीन दिवसांत बरं वाटलं, थांबले. आठवड्याने जळजळ परत आली. पुन्हा लांबट, पुन्हा थांबले. तिसऱ्या खेपेला ती ताप, हुडहुडी आणि कंबरदुखी असा सगळा गोतावळा घेऊन आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतू मूत्रपिंडाकडे चढायला लागलेत; आता अंदाजाने औषध नाही, आधी लघवीची कल्चर तपासणी, म्हणजे जंतू वाढवून कुठलं औषध त्यांना लागू पडतं ते बघायचं.

इथे मी एक शहाणपणा केला, तो फक्त तुम्हालाच समजेल. पाहुणे यायच्या आधी आपण घर झाडून घेतो, तसं नमुना द्यायच्या दिवशी सकाळीच दोन लांबट गोळ्या घेतल्या, रिपोर्ट जरा बरा दिसावा म्हणून. लॅबमधल्या बाईंनी विचारलं, औषध वगैरे घेतलं नाही ना? मी चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता नाही म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांनी मला आत बोलावलं. या बाई म्हणजे बारीक, चष्मेवाल्या, आवाज खालच्या पट्टीतला. टेबलावर काचेची बशी आणि तिच्यात माझे जंतू, सायीसारखे दाट पसरलेले. त्यांच्यात आठ पांढऱ्या टिकल्या, एकेक टिकली म्हणजे एकेक औषध. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल पडतो. बाई पट्टी लावून एकेक गोल मोजत होत्या (तुम्ही स्वेटरचा गळा मोजता तितक्याच मन लावून, मला उगाच तुमची आठवण आली). मोजायला दोनच गोल होते. बाकी सहा टिकल्यांना जंतू अगदी खेटून बसले होते, लग्नात पहिली पंगत धरून बसतात तसे. लांबट गोळीच्या टिकलीवर तर टेकूनच.

जाऊबाई, खरं सांगते, मला भीती वाटायच्या आधी कौतुकच वाटलं. आपल्या घरात इतकं शिकलेलं कोणी नाही. बाई म्हणाल्या, अर्धवट औषधाने कच्चे मरतात, पक्के उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. शिवाय औषध कसं हाणून पाडायचं याची कृती त्यांच्या जनुकांत लिहिलेली असते आणि तिची नक्कल ते शेजारच्या जंतूला देऊन टाकतात. जात वेगळी असली तरी. फुकट. (तुमच्या त्या निळ्या स्वेटरची वीण मी वीस वर्षं मागते आहे. आणि हे, ज्यांना डोकंसुद्धा नाही, ते वाटत सुटलेत.)

मग बाईंनी चष्म्यावरून बघितलं. ‘यांना एवढं शिकवलं कोणी?’

मी डब्याचं सांगितलं. सकाळच्या दोन गोळ्यांचंही. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. बशी झाकत एवढंच म्हणाल्या, ‘अजून दोन दारं उघडी आहेत. ती तरी जपा.’

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी पट्टीने मोजून औषध दिलं. दिवसातून दोनदा एकेक गोळी, सात दिवस घ्यायची. ताप उतरला, कंबर बरीच मोकळी झाली. त्या बाईंपुढे निम्मा नाही, पुरा नमस्कार.

भावोजींना नमस्कार, बाकी क्षेम.

तुमची,
धाकटी

ता. क. तुमच्याकडची लांबट गोळ्यांची पाकिटं कुणाच्याही तोंडात जाता कामा नयेत, तुमच्या तर नाहीच. भावोजींकडून कळलं की तुम्हालाही हुडहुडी भरते. मंगळवारी सकाळी इकडे या, बाईंना तुमचं सांगून ठेवलं आहे. आणि घर झाडून येऊ नका.

दुसरा ता. क. आज माझा पाचवा दिवस. ठणठणीत वाटतं आहे. चार गोळ्या उरल्यात आणि आत्ता हे पत्र लिहिताना डब्याचं झाकण माझ्या डाव्या हातात कसं आलं, देव जाणे. तेव्हा हे पत्र आजच हातोहात पाठवते; मंगळवारची वाट बघू नका, उद्याच या. दोन दिवस समोर बसा आणि चारही गोळ्या मला वेळच्या वेळी गिळायला लावा. येताना निळ्या स्वेटरची वीण लिहून आणा. त्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.