गणिताची जागा

आण्णा, तुमची नात बारावी झाली. परवा रविवारी आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसलो होतो. तिला फिजिक्स घ्यावंसं वाटतंय आणि पर्यावरणशास्त्रही सोडवत नाहीये. म्हणून कुठल्या विद्यापीठात कशाला काय लागतं, ते ती मोबाईलवरून वाचत होती आणि मी लिहून घेत होते. एका ठिकाणी प्रवेश परीक्षा, दुसरीकडे नुसते बारावीचे मार्क. पर्यावरणाला कुठं गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालतं, कुठं विज्ञान शाखा एवढंच पुरतं. फिजिक्सला मात्र सगळीकडे तेच, बारावीला गणित हवंच. ते लिहिताना मी तो शब्द दोनदा गिरवला असणार. तिनं विचारलं, "आई, तू गणित का सोडलंस गं?" आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मी बोलून गेले, "आजोबांना कंपनीतून यायला उशीर झाला. तोवर जागा भरल्या."

तुम्हाला तो दिवस आठवत असेलच. अकरावीचा फॉर्म भरायचा होता. तुमची फर्स्ट शिफ्ट, त्यात बदली माणूस आला नाही म्हणून तुम्ही अडकलात. मी सकाळपासून एकटी कॉलेजच्या रांगेत. खिडकीशी पोचले तेव्हा कारकून बाई म्हणाल्या, "विषय नीट लिही, नंतर बदलून मिळायचे नाहीत." गणिताच्या जागा होत्या, आण्णा. हव्या तेवढ्या होत्या. पण दहावीत गणिताच्या सरांनी मला फळ्यापाशी उभं करून सगळ्या वर्गाला हसवलं होतं, ते डोक्यातून जात नव्हतं. मी गणित खोडलं, भूगोल लिहिला आणि फॉर्म आत सरकवला. थोड्या वेळानं तुम्ही फाटकातून पळत येताय, अंगावर कंपनीचा निळा शर्ट, पाठ घामानं भिजलेली. "मिळालं का गं गणित?" मी म्हणते, "तुमची वाट बघत थांबले, तोवर जागा संपल्या." तुम्ही तिथंच पायरीवर बसता. "माझ्यामुळं झालं, पोरी," म्हणता. मी तुमच्या शेजारी बसते आणि फॉर्मची पावती दप्तरात सरकवते.

बारावीनंतर तुम्ही रजा टाकून माझ्याबरोबर कॉलेजं फिरलात. चाकणजवळच्या आपल्या गावातून निघायचं, दोन बस बदलायच्या. मलाही फिजिक्सच करायचं होतं, पण प्रत्येक खिडकीवर तेच उत्तर, गणित हवंच. आणि प्रत्येक खिडकीवर तुम्ही हात जोडून सांगायचात, "साहेब, चूक माझी हाय. पोरगी हुशार हाय. मला यायला येळ झाला." तिसऱ्या कॉलेजात मला ते ऐकवेना, मी नळावर जाऊन उगीच तोंड धुतलं. परत आले तर तुम्ही हसत होता. "ह्यांच्याकडं पर्यावरण हाय. त्याला गणित लागत न्हाई. पाणी तपासायला शिकवत्यात म्हनं." कंपनीचं सांडपाणी साफ करण्याच्या प्लँटवर तुमची निम्मी नोकरी गेलेली. घरी येताना बसमध्ये तुम्ही मला टाक्या, चुना, गाळ असं सगळं समजावून सांगितलंत. मला ते आवडायला लागलं, हे मात्र अगदी खरं. आज भोसरीतल्या प्रयोगशाळेत मी तेच काम करते आणि मन लावून करते.

तुम्ही शेवटचे आजारी होतात तेव्हा जावयांना म्हणालात, "हिचं गणित माझ्यापायी ऱ्हायलं." मी तिथंच होते, तुमची उशी सरळ करत. म्हटलं, "आण्णा, झोपा आता."

रविवारी नातीपुढं पुन्हा तेच तोंडातून निघालं आणि मला बसवेना. भांडी घासायला उठले, अर्धवट टाकून परत आले आणि तिला सगळं सांगितलं. तिनं मोबाईल उलटा ठेवला. मग म्हणाली, "बिचारे आजोबा." रागावली असती तर बरं झालं असतं. काल तिनं दोन्हीकडे अर्ज केले, फिजिक्सला आणि पर्यावरणालाही. मी शेजारी बसले होते, पण तिनं माझ्याकडून एक अक्षर भरून घेतलं नाही.

हे पत्र कुठं पाठवणार? इथंच कपाटात राहील. लेकीला मी म्हणाले, "आजोबा आज असते तर त्यांनाही सांगितलं असतं." तेही खरं नाही, आण्णा. तुम्ही समोर असता तर मला आजही जमलं नसतं.