तिसरा कौल

११ फेब्रुवारी १९८१
डावा! परत डावा.
बाबाजी गुरवाने रवळनाथाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या, माझ्या वतीने गाऱ्हाणं घातलं – महादेवाच्या बायलेक पणजेक व्हरून गाठ काढची काय नाका? उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नको. मी खांबाला टेकून बसलो. शेजारचा सगुण सोबतीला आला होता, तो बाहेर पायरीवर बसून जांभया देत होता.
डावीकडची पडली. बाबाजी म्हणाला, "देव नाका म्हणता." बसमध्ये जागा नाही हे कंडक्टर सांगतो, तसं.
घरी आलो. रुक्मिणीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. विचारलंसुद्धा नाही. "पेज निवता, जेवून घेयात," म्हणाली.

१३ फेब्रुवारी
गोकुळदास म्हापशाहून आला. कचेरीतून तसाच, पँट-बुटांत. आल्या आल्या माझ्यावरच घसरला.
"बाबा, दोतोर म्हणता गाठ वायट आसा. म्हयनो गेल्यार हाताभायर जातलें. आनी तुमी पाकळ्यो मोजतात!"
मी म्हटलं, मला नको सांगू. आईला सांग. तिने रवळनाथाच्या कौलाशिवाय उंबरा ओलांडणार नाही म्हटलंय.
त्याने आईला समजावलं. मुलगा शिकलेला, बोलतो चांगलं. "आई, पाकळी उदकान चिकटता. उदक सुकलें की पडटा. ह्यांत देव खंय आयलो?"
रुक्मिणी मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "आनी उदक कोण सुकयता रे?"
मला हसू आलं. मग हसल्याची लाज वाटली.

१६ फेब्रुवारी
आज एक वेडेपणा केला. कोणाला सांगणार नाही.
रुक्मिणी विहिरीवर गेल्यावर रगडा धुतला. जास्वंदीच्या पाकळ्या ओल्या करून दोन बाजूंना चिकटवल्या आणि समोर पाट घेऊन बसलो. उघड्या जनेलाकडची पाकळी आधी पडली. पुन्हा लावल्या. पुन्हा जनेलाकडचीच. जनेल लावून घेतलं, तर दोन्ही बराच वेळ तशाच, आणि मग दुसरी पडली.
म्हणजे वारा. गोकुळदास खरं बोलतो. देवळातही डाव्या बाजूला दार आहे!
दोन घटका फार मोकळं वाटलं. मग मनात आलं – हा रगडा. तो देव. रगड्याला कोण गाऱ्हाणं घालतो? मी बाबाजीसारखं गाऱ्हाणं घातलं नव्हतं. मग पडताळा कसला झाला?
इतक्यात ही दारात! डोक्यावर कळशी. "रगड्याक कसलो कौल घेतात वो? चटणी वाटची काय नाका?"

२१ फेब्रुवारी
रुक्मिणी अजून कोणाला कळू देत नाही. पदर घट्ट ओढून घेते. सगुणाची बायको सत्यवती तिची जन्माची मैत्रीण, तिलाही "पोटात दुखता" एवढंच सांगितलंय. आज कळशी उचलताना तोंड वाकडं झालं. मी पाहिलं. मी पाहिलं हे तिनेही पाहिलं.

२४ फेब्रुवारी
सकाळी पाववाल्या पोदेराची सायकल वाजली. उंडे घेतले. चहात बुडवून खाताना आठवलं – माझा बाप पावाला हात लावत नसे. पीठ सुरेने फुगवतात, म्हणायचा, धर्म बुडतो. मी पहिला उंडा खाल्ला तेव्हा लग्न झालेलं होतं. दोन दिवस वाटत होतं, आता जीभ झडेल, नाहीतर घरात कोणाला तरी काही होईल. काही झालं नाही. आता पाव नसला तर चहा उतरत नाही.
शेंडी काढली तेव्हाही असंच. एकेक गेलं. दर वेळी आधी भीती, मग सवय. पटलं म्हणून काहीच सोडलं नाही मी. भीती दमली म्हणून सोडलं.
पण पाव माझ्या तोंडात गेला होता. ही गाठ रुक्मिणीच्या छातीत आहे.

१ मार्च
ती म्हणाली, "आनीक एकदां विचारात. तिसरो कौल निमाणो. तो बी डावो पडलो तर मागीर म्हाका कोणेंय कांय सांगूंक नाका. चेड्यानय नाका."
हा शेवटचा, मग गोकुळदासनेही बोलायचं नाही, असं शांतपणे म्हणाली. भाताला उकळी आली हे सांगावं तसं.

४ मार्च
सगुणाला नेलं नाही. एकटाच गेलो. देवळात मी, बाबाजी आणि देव.
दार लावून घे, असं बाबाजीला सांगणार होतो. वाऱ्यासाठी. जीभ उचलली नाही. देवावर संशय घेतल्यासारखं झालं असतं.
डावा.
बाबाजीने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. "म्हादू," एवढंच म्हणाला. मी उठलो. पायरीवर बसलो. किती वेळ ते ठाऊक नाही. पाय घराकडे वळत नव्हते.
ती दारातच उभी होती.
मी म्हणालो, "उजवा."

५ मार्च
तिने ट्रंकेत लुगडी भरली. ओठांत गुणगुणत होती! गोकुळदास टॅक्सी घेऊन येतो आहे. मला म्हणाला, "पळयलें मूं बाबा, शेवटाक देवान बी दोतराचें आयकलें." त्याला थट्टा सुचते.
देवाच्या तोंडी खोटं घातलं मी. हिला काही झालं तर देवाने मारलं म्हणायचं की मी?

९ मार्च, पणजी
आत नेली. लिहवत नाही.

१० मार्च
वाचली. गाठ काढली. गाठीबरोबर सगळी एक बाजूच काढली, असं दोतोराने गोकुळदासला सांगितलं. शुद्धीवर येताच तिने काय विचारावं? "गायेक कोणें उदक दाखयलें?"

६ एप्रिल
घर. काजूचा हंगाम अर्धा गेला. मी बिया गोळा करतो, ती अंगणात बसून मला चुका दाखवते. गोकुळदास म्हणतो, शास्त्राने वाचवलं. ती म्हणते, रवळनाथाने. मी दोघांनाही हो म्हणतो. थकलो आहे.

१३ एप्रिल
नवस फेडायला गेलो. तिच्या हट्टाने. पदर तसाच घट्ट. देवासमोर हात जोडून रडली, "तुज्या शब्दान वाचलें रे." माझी मान वर होईना. बाबाजीने नारळ हातात घेतला, क्षणभर माझ्याकडे पाहिलं. आता सांगतो, वाटलं. त्याने नारळ फोडला. आणि बाहेर जमलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "उजव्या कौलाचो नाल्ल!"
त्याने माझ्यावर दया केली की देवळाचा धंदा केला? काय की.

२८ एप्रिल
पार्से गावाहूनही माणसं कौलाला येताहेत म्हणे. रुक्मिणीचं उदाहरण देतात.

२ मे
सगुण आला. ओट्यावर बसला, पान लावलं, खाल्लं नाही. सत्यवतीचं रक्त थांबत नाही. दोतोर म्हणतो पिशवी काढायला हवी. काल देवाला विचारलं. डावा पडला.
मी म्हटलं, सगुणा, तरी ने तिला.
"तूं म्हणटा हें?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं! "आमी अडाणी न्हय रे. तुज्या घरांत पळयलें म्हणून तर पटलें. देवान हय म्हळें, रुक्मिणी जिती परतली. आमकां ना म्हणटा, मागीर जाणून मरणाक कित्याक व्हरूं तिका?"
मी जिभेवर आलेलं गिळलं. तो पान तसंच ठेवून गेला.

४ मे
सत्यवती विहिरीवर दिसली. कळशी उचलली, खाली ठेवली, काठावर बसली. ओठ पांढरे. मला पाहून म्हणाली, "रुक्मिणी नशिबाची वो." मी पळालो तिथून. खरंच पळालो, या वयात.
सांगितलं तर रुक्मिणीचा देव जाईल. नाही सांगितलं तर सत्यवती. यात बुद्धी काय सांगते ते गोकुळदासला विचारायला नको. मलाच ठाऊक आहे. पण रुक्मिणीसमोर तोंड उघडणार कसं?

५ मे
सांगितलं. तिसराही डावा होता.
रुक्मिणी बिया निवडत होती. हात थांबले. म्हणाली, "म्हणजे देवाक नाका आसतनाय हांव जिती आसां?" तिने सूप बाजूला ठेवलं. रडली नाही, ओरडली नाही. उठली.
"चला सत्यवतीकडेन. तुमच्या सांगण्याचें कांय उपेगाचें ना, तुमी लटीक उलयतात म्हणटलो सगुण. दादल्यांक भायर बसयात. हांव तिका पदर काडून दाखयतां."
ती चपला शोधते आहे तोवर हे लिहिलं. हाक मारते. निघतो.