मशीन चुकावं म्हणून

ती. आईला लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. माझ्या डोळ्यांची काळजी सोड, त्यांना आता आराम आहे. कारखान्यात मुलाम्याच्या द्रावणात निकेल किती उरलंय, ते मी आणि माझी जोडीदारीण नळीतून तपासणीचं औषध थेंब थेंब सोडून, रंग कधी पालटतो ते बघून ठरवायचो. नमुन्याच्या एका बाटलीला अर्धा तास जायचा, तेवढ्यात गप्पाही व्हायच्या. आता मशीन आलंय, ते मिनिटात आकडा सांगतं. वेळ वाचला म्हणे! वाचलेल्या वेळात दहापट बाटल्या येतात आणि कंबरेचा काटा ढिला होतो.

साहेब म्हणाले, "मशीनला एक माणूस पुरे." आम्ही तर दोघी.

काल एक बाटली आम्ही हळूच जुन्या पद्धतीनंही तपासली. मशीन चुकावं म्हणून अगदी देव पाण्यात ठेवले होते. आकडा तंतोतंत जुळला. "मेलं हुशार आहे गं," ती म्हणाली, आणि आम्ही नळ्या धुवायला लागलो.

दादाचा गुडघा कसा आहे? तू गोळ्या वेळेवर घेतेस ना?

आणि सहज विचारते, माझी कॉट अजून खिडकीशीच आहे ना? एवढ्यात कुणाला देऊ नकोस.

तुझी,
धाकटी