पट्टा जातो कुठं?

चिकलठाणा, मंगळवार

१. काल आप्पांची हृदयाची चाचणी झाली.
२. चाचणीच्या खोलीत शेळी होती.
३. शेळीचं दावं माझ्या हातात होतं.
४. दवाखान्यानं माझ्याकडं लेखी खुलासा मागितला आहे.

ती. बानाआत्या, तुझ्या पायांवर डोकं ठेवते. गुडघे कसे आहेत? लासूरला ही बातमी माझ्याआधी पोचली असेल, म्हणून खरी हकीकत कळवते.

झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी आप्पांना रोज चालायला सांगितलं. चालण्यानं पायांचे स्नायू रक्तातला प्राणवायू नीट वापरायला शिकतात, तेवढ्याच कामाला हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात, हे मी आकृती काढून समजावलं. (हृदयाचे आलेख काढणं हीच माझी नोकरी.) तुझा भाऊ म्हणाला, "मोकळ्या हातानं कोण हिंडतं? लोक म्हणतील, धनगर कामातून गेला." मग त्यांनी शेजारच्या चंपाबाईंची शेळी चारायला घेतली आणि चालू लागले. ती पाल्याला थांबली की तेही थांबतात. धाप लागायच्या आत विसावा. डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, पण ऐकलं शेळीचं.

काल नामांतराचा मोर्चा होता. क्रांती चौकापुढं रिक्षा जाणार नव्हती, चालावं लागणार, म्हणून आप्पांनी शेळीलाही रिक्षात घेतलं. मोर्चातल्या पोरांनी "या बाबा, सावकाश" म्हणत वाट करून दिली. (आप्पांनी दोन घोषणाही दिल्या. छातीत दुखलं नाही, मी विचारलं.) शेळी दवाखान्याच्या फाटकाला बांधून आत गेलो. चाचणीच्या फिरत्या पट्ट्यावर चढून आप्पा म्हणाले,

"ह्यो पट्टा जातो कुठं?"

"कुठंच नाही, आप्पा. जागच्या जागी चालायचं."

"मंग म्या कशाला जाऊ?"

आणि उतरले. चाचणी हुकली असती तर औषध अंदाजानं द्यावं लागलं असतं, आणि आप्पांच्या बाबतीत मला अंदाज चालत नाही. मी शेळी आत आणली आणि पट्ट्यापुढं धरून उभी राहिले. आत्या, ते चालले! पट्ट्याला वेग आला, चढ आला, आप्पा तिच्यावर नजर ठेवून "हुर्र, हुर्र" करत चालतच राहिले! कागदावरची रेघ कुठंही खाली बसली नाही, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडलं नाही! थांबल्यावर नाडी लगेच उतरली. झटक्यानंतर नुसता जिना चढले तरी ती किती वेळ धडधडत होती! (मी एवढ्या उद्गारचिन्हांची नाही, तुला माहीत आहे.)

खुलाशात मी लिहिलं आहे, "शेळी उपकरण म्हणून वापरली."

तुझी कस्तुरा

ता. क. कॉलनीत जनावर पाळणं मला पसंत नाही, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते मत कायम आहे.

आणखी एक. चंपाबाई रविवारी शेळी घेऊन लेकीकडं राहायला चालल्या आहेत. हे कळल्यापासून आप्पांनी चपला कोपऱ्यात सरकवल्या आहेत. तुझी काळी शेळी देशील का? शुक्रवारपर्यंत उत्तर पाठव.