तुलना अकरा

३ मार्च, मंगळवार

वाढलंय! साठपैकी सत्तेचाळीस जणींचं वाढलंय!

लॅबच्या मशीनवर बसलेला चष्मिस ओरडला आणि मी चहा तसाच टाकून धावले. सकाळी कामावर येताना लघवीत जेवढं बिस्फेनॉल नावाचं रसायन, त्याच्या दुप्पट-तिप्पट संध्याकाळी सुटताना! आठ तास दुकानांच्या काउंटरवर बसून या बायका नुसत्या पावत्या फाडून देतात. त्या कागदाला शाई लागत नाही. कागदावर बिस्फेनॉलची पूड असते, ती गरम झाली की अक्षरं उमटतात. आणि तीच पूड बोटांतून आत. पाच महिने मी त्यांच्या डब्या गोळा करतेय, "आली बघा लघवीवाली!" हे ऐकून घेतेय. आज चीज झालं.

लॅबच्या मॅडमना म्हटलं, "म्हणजे मुलं न होण्याचं कारण सापडलं?" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "आत जातं एवढंच सापडलंय. आता त्यांची बीजं, संप्रेरकं, पाळी, सगळ्याचे आकडे याच्याशी ताडून बघायचे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं करू नकोस."

करणारच!

४ मार्च, बुधवार

जेवताना नवरोबाला सगळं समजावलं. हे पदार्थ शरीरात जाऊन बाईच्या संप्रेरकांचं सोंग घेतात. कुणीतरी दाराची बेल वाजवून पळून जावं आणि घरातल्यांनी उगाच उठावं, तसं. दिवसातून शंभरदा असं झालं, तर खरा पाहुणा येईल तेव्हा कोण उठणार?

तो पोळी तोडता तोडता थांबला. "मग आपली बेल कोण वाजवतंय?"

मूल हवं म्हणून डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवतोय त्याला चार वर्षं झाली. फाइल आता दोन रबरबँड लावूनही मिटत नाही. आणि प्रत्येक डॉक्टरांचं एकच — "सगळं नॉर्मल आहे." याचं नॉर्मल, माझं नॉर्मल. मग होत का नाही? एकदा तरी कुणीतरी "हे बघा, इथे बिघडलंय" म्हणावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलेय. बाकीच्या बायका उलटं मागत असतील!

९ मार्च, सोमवार

आज तुलनेच्या गटाचे आकडे आले. पावत्यांशी काडीचा संबंध नसलेल्या वीस जणी — सगळ्या आमच्याच इमारतीतल्या. ऑफिसातल्या, वाचनालयातल्या, आम्ही लॅबवाल्या. मीही दिली होती डबी, हसत हसत. कुणाची कुठली ते कुणालाच कळू नये म्हणून मॅडमनी स्वतःच्या हाताने डब्यांवर नंबर घातले आणि यादी कपाटात कुलूपबंद केली.

एकोणीस जणी अगदी खाली, हव्या तशा. आणि 'तुलना अकरा' — सगळ्यांच्या डोक्यावर! साठ काउंटरवाल्यांत सगळ्यात जास्त असलेल्या बाईपेक्षाही जास्त! चष्मिसने नमुना पुन्हा चालवला. तेच. मी रोज बरोबर नेते ती साध्या पाण्याची डबी तपासली, तीत काही नाही. म्हणजे आमची चूक नव्हे. त्या बाईच्या अंगातच आहे.

कोण असेल? मला आता चैन पडणार नाही.

१० मार्च, मंगळवार

माझा संशय ऑफिसातल्या टायपिस्टवर. प्लास्टिकचा डबा, त्यात आमटी, झाकणासकट मायक्रोवेव्हमध्ये! रोज! मी दुपारभर तिच्या आसपास घुटमळत होते. शेवटी ती वैतागली. "काय गं, माझ्या डब्यावर डोळा आहे का तुझा? घे, खा."

खाल्लं. चविष्ट होतं. उद्या काचेचा डबा नेऊन देईन म्हणते, काहीतरी निमित्त काढून.

१२ मार्च, गुरुवार

आजचं आजच लिहायचं.

काम सुटायच्या वेळी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं, दार लोटलं आणि टेबलावर रिकामी डबी ठेवली. "आणखी एकदा दे."

"मी?"

"तूच अकरा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बिचाऱ्या टायपिस्टला मी दोन दिवस आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि चोर माझ्याच कातडीत! मॅडम हळू आवाजात विचारत होत्या — घरात काय वापरतेस, कुठल्या डब्यात खातेस, पाणी कुठल्या बाटलीतलं. सगळं काचेचं नि स्टीलचं. नवरोबाने मागच्याच वर्षी सगळं प्लास्टिक हद्दपार केलंय. मग त्या म्हणाल्या, "लॅबमध्ये दिवसभर काय करतेस ते करून दाखव."

दाखवलं. प्रिंटरमधून लेबलांची पट्टी काढली. हातमोजे उतरवले, कारण लेबल रबराला चिकटून बसतं, डबीवर जातच नाही. स्पिरिटच्या बोळ्याने बोटं ओलसर केली, म्हणजे ते बोटालाही चिकटत नाही. मग सोललं, चिकटवलं, वरून अंगठा घट्ट फिरवला. पुढचं. रोज तीनशे.

मॅडम माझ्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. मलाही त्याच क्षणी उमगलं. आमचा लेबलांचा कागद — त्यालाही शाई लागत नाही! तीच पूड! आणि कातडी स्पिरिटने ओली केली की पूड आणखी पटकन आत शिरते. पाच महिने मी दुसऱ्यांच्या बोटांचा अभ्यास करतेय!

"हे कुणी शिकवलं तुला?"

"मोठ्या बाईंनी." माझ्या आधी चोवीस वर्षं लेबलांचं काम त्याच करायच्या. पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. जाताना महिनाभर मला शेजारी बसवून शिकवलं. त्यांची लेबलं कधी तिरकी गेली नाहीत.

रडू यायला हवं होतं ना? मला हसू फुटलं! चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, इथे काहीतरी आहे. रस्त्यातच नवरोबाला फोन केला. "सापडलं!" एवढंच ओरडले. त्याला वाटलं, हरवलेलं पाकीट.

१३ मार्च, शुक्रवार

प्रिंटर बंद. लेबलं हाताने, पेनाने, साध्या कागदावर. अक्षर कोंबडीचे पाय, पण वाचता येतं!

१८ मार्च, बुधवार

उतरलं! सहा दिवसांत इतर एकोणीस जणींच्या बरोबरीला आलं! चष्मिसने मला सलाम ठोकला. मी कॉरिडॉरमध्ये गिरकी घेतली आणि टायपिस्टने पाहिलं. बघू दे.

मॅडम म्हणतात, हे शरीरात मुक्काम करत नाही. एक-दोन दिवसांत धुऊन जातं, रोज नवं येतं म्हणून रोज दिसतं. आणि नेहमीचं — "खाली आलं म्हणून मूल होईल असं नाही. याच्यामुळेच होत नव्हतं असंही नाही. संबंध असू शकतो. एवढंच." दहादा बजावलं. दहाही वेळा मी मान डोलावली. पण आशेला कुठे मान असते डोलवायला! संध्याकाळी आम्ही दोघं उगाचच लांबच्या रस्त्याने घरी आलो.

२२ मार्च, रविवार

मोठ्या बाईंकडे गेले. त्यांना सांगायलाच हवं होतं. आणि खरं सांगायचं तर मला मिरवायचंही होतं.

घर तसंच त्यांच्या टेबलासारखं. बरण्यांना लेबलं, दिव्यांच्या बटणांना लेबलं, किल्ल्यांना लेबलं. काकांच्या चष्म्याच्या घरालासुद्धा! त्यांनी कॉफी केली, आणि मी सुरू झाले. पावत्या, साठ बायका, अकरा नंबर, स्पिरिटचा बोळा. हातवारे करून, अंगठा नाचवून. "आणि बाई, मला वाटतं त्यामुळेच आम्हाला मूल —"

तिथे माझी जीभ थांबली.

घरात दोघंच. पहिल्यापासून दोघंच. मला हे माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं, आणि रस्ताभर सगळं घोकत आलेली मी एकदाही तिथवर विचार केला नाही! गाढव! गाढव!

बाईंनी कप बशीत ठेवला. "प्रिंटर आला तेव्हा मी तेहतीसची होते. आम्ही डॉक्टर करत होतो तेव्हा." पुढे म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे म्हणायचे. यांच्या आईला ते पटायचं नाही. म्हणायच्या, नॉर्मल असतं तर झालं नसतं का."

आतल्या खोलीत काका रेडिओ लावून बसले होते. बाईंनी उठून हळूच मधलं दार ओढून घेतलं.

"आणि मी तुलाही तेच शिकवलं," म्हणाल्या.

मी म्हटलं, तसं नका म्हणू, तुम्हाला काय माहीत, कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ऐकलं असं वाटलं नाही.

२३ मार्च, सोमवार

काल गेलेच नसते तर.

२६ मार्च, गुरुवार

मोठ्या बाई लॅबमध्ये आल्या! इस्त्रीची साडी, केस नीट बांधलेले, पर्समध्ये डबी. डबीवर त्यांच्या हातचं सरळ, सुंदर अक्षर: नाव, तारीख, वेळ.

"माझंही तपास," म्हणाल्या. "आता उपयोग काही नाही. पण मला कळू दे."

मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे. पाच वर्षांपूर्वी काम सोडलेल्या बाईच्या अंगात आता काय सापडणार! पण त्या इतक्या ताठ उभ्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "द्या. उद्या सांगते."

सांगायला हवं होतं तिथेच. दोघींच्या तोंडून निघालं नाही.

२७ मार्च, शुक्रवार

आकडा आला. जवळजवळ शून्य.

फोन मीच केला. आकडा सांगितला. ते शरीरात राहत नाही, त्यामुळे आज बघून तेव्हाचं काहीच कळत नाही, हेही सांगितलं, दोनदा. मग पलीकडून अगदी हळू — "म्हणजे माझ्यातच होतं काहीतरी."

"नाही, बाई," मी म्हणाले. "तुमच्यात काहीच नव्हतं."

याला पुरावा नाही. मॅडम ऐकत होत्या. त्यांनी मला टोकलं नाही.